चांदी उजळणारी प्लेट आणि तिच्यासोबतची पांढरी पूड

चांदीची भांडी न घासता उजळून देणारी धातूची एक प्लेट आणि तिच्यासोबत येणारी पांढरी पूड, असा संच ऑनलाइन दुकानांत आणि गृहोपयोगी वस्तूंच्या प्रदर्शनांत सर्रास मिळतो. गौरी-गणपती आणि दिवाळीच्या तोंडावर, म्हणजे निरांजन, पळी-पंचपात्र, करंडा, अत्तरदाणी असे सगळे कपाटातून बाहेर येते तेव्हा, त्याची मागणी वाढते. मी वापरलेल्या संचाच्या उत्पादकाचे नाव येथे देत नाही, कारण याच घडणीचे संच वेगवेगळ्या नावांनी विकले जातात आणि माझे म्हणणे त्या सगळ्यांना लागू पडावे. संच काम करतो, आणि पुष्कळदा फार चांगले करतो, हे आधीच सांगते. मात्र तो कशामुळे काम करतो याचे खोक्यावर छापलेले कारण चुकीचे आहे, आणि त्या चुकीपायी ग्राहक नको त्या गोष्टीचे पैसे मोजतो व नको त्या वस्तू त्या पाण्यात बुडवतो. म्हणून या परीक्षणात वस्तूइतकाच तिच्यामागच्या ऊर्जेचा हिशोबही मांडला आहे.

खोक्यात तळहाताएवढी, भोके पाडलेली, चंदेरी राखाडी प्लेट, पुडीची पिशवी आणि सूचनांचा एक कागद असतो. प्लेट कोणत्या धातूची आहे हे कुठेही लिहिलेले नाही. ‘विशेष मिश्रधातू’ एवढेच शब्द आहेत. तिचे वजन करून आणि पाण्यात बुडवून आकारमान काढल्यावर घनता २.७ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटरच्या जवळपास आली, लोहचुंबक तिला चिकटला नाही, त्यामुळे ती मुख्यतः ॲल्युमिनियमची आहे यात मला शंका उरली नाही. पुडीवर व्हिनेगर टाकले की ती जोराने फसफसते, म्हणजे ती कार्बोनेट किंवा बायकार्बोनेट असणार; आणि तिच्या पाण्यात हळदीचा कागद बुडवला तेव्हा तो क्षणात गडद तांबडा झाला. खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात, ज्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्क मोजण्याचे मान; ७ च्या वर अल्कधर्मी) ८.३ च्या आसपास असतो, हळद इतकी तांबडी होत नाही. पूड म्हणजे निर्जल सोडियम कार्बोनेट, अर्थात आपला धुण्याचा सोडा. लोणारच्या सरोवराचे पाणी ज्या क्षारांमुळे अल्कधर्मी झाले आहे त्यांतलाच हा एक.

तेव्हा ग्राहकाच्या हातात येतो तो एक धातू आणि एक कार्बोनेट क्षार. खोक्यावरचा दावा असा, की पुडीतले घटक काळा थर ‘शोषून घेतात’, प्लेट केवळ ‘सक्रिय पृष्ठभाग’ पुरवते आणि म्हणून ती ‘कधीही झिजत नाही’. प्रत्यक्षात घडते ते नेमके उलट आहे.

चांदीवरचा काळा थर म्हणजे मळ नव्हे, ती चांदीच आहे. फक्त गंधकाशी जोडली गेलेली. हवेतला हायड्रोजन सल्फाइड, मग तो गटाराचा असो वा स्वयंपाकघरातल्या उकडलेल्या अंड्याचा, चांदीशी संयोग पावून सिल्व्हर सल्फाइड बनवतो. केवळ या दोघांचा व्यवहार पाहिला तर ऊर्जेचा लाभ अगदी किरकोळ आहे, मोलमागे (मोल हे रसायनशास्त्रात पदार्थाचे प्रमाण मोजण्याचे एकक) ७ किलोजूलच्या आसपास. हवेतला ऑक्सिजन सामील झाला आणि सुटणाऱ्या हायड्रोजनचे पाणी झाले की तोच आकडा २४० किलोजूलच्या पुढे जातो. म्हणून मोकळ्या कपाटात ठेवलेली चांदी काळी पडते आणि घट्ट बंद पिशवीतली बराच काळ टिकते. हा थर पाण्यात विरघळत नाही, सौम्य आम्लालाही दाद देत नाही. त्यातली ८७ टक्के तर चांदीच असते, आणि घासून काढताना आपण नेमकी तीच चिंधीवर घालवतो.

हा थर परत चांदीत आणायचा असेल तर सिल्व्हर आयनाला इलेक्ट्रॉन द्यायला हवा, म्हणजेच त्याचे क्षपण व्हायला हवे, आणि इलेक्ट्रॉन देणारा कोणीतरी तितकाच उतावीळ हवा. अल्कधर्मी द्रावणात सिल्व्हर सल्फाइडचे क्षपण होण्याचा प्रमाण विभव (इलेक्ट्रॉन घेण्याच्या ओढीचे व्होल्टमधले माप; जितका उणे तितकी इलेक्ट्रॉन सोडण्याची घाई अधिक) सुमारे उणे ०.६९ व्होल्ट आहे. ॲल्युमिनियम आणि त्याच्या ॲल्युमिनेट आयनाच्या जोडीचा विभव सुमारे उणे २.३३ व्होल्ट आहे. या दोहोंतला फरक १.६४ व्होल्ट, म्हणजे टॉर्चच्या साध्या सेलपेक्षा किंचित अधिक. ॲल्युमिनियमचे दोन अणू सहा इलेक्ट्रॉन सोडतात आणि सिल्व्हर सल्फाइडचे तीन रेणू ते स्वीकारतात. त्यावरून गिब्ज मुक्त ऊर्जेतला, म्हणजे अभिक्रिया आपोआप होईल का हे सांगणाऱ्या ऊर्जेतला (उणे आकडा म्हणजे होईल), बदल काढला तर तो सुमारे उणे ९५० किलोजूल येतो. रसायनशास्त्रात हा आकडा मोठाच समजला जातो. अभिक्रिया एकदा सुरू झाली की तिला मागे फिरायला जवळजवळ वावच नसतो, असा त्याचा अर्थ. म्हणजे इलेक्ट्रॉन देणारा घटक प्लेट आहे, पूड नव्हे.

मग पुडीचे काम काय? या प्रश्नाचे उत्तर खोक्यावर तर नाहीच, पण घरगुती युक्त्या सांगणाऱ्या बऱ्याच जणांकडेही नसते. काही जण तर ॲल्युमिनियम आणि सोडा यांच्यातच रेडॉक्स, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या देवाणघेवाणीची, अभिक्रिया होते आणि तिच्यातून चांदी उजळते असे समजतात. हे म्हणणे एका अंगाने विचार करण्याजोगे आहे. कार्बोनेट आयनातला कार्बन अधिक चार या ऑक्सिडीकरण अवस्थेत असतो, त्याला अजून चार इलेक्ट्रॉन घेण्याची जागा आहे, आणि ॲल्युमिनियमला ऑक्सिजनची ओढ विलक्षण. कोष्टकातल्या मूल्यांवरून हिशोब केला, म्हणजे सोडियम कार्बोनेटची निर्मिती-मुक्तऊर्जा उणे १०४४ आणि ॲल्युमिनियम ऑक्साइडची उणे १५८२ किलोजूल प्रति मोल धरली, तर ॲल्युमिनियमचे दोन मोल एक मोल सोडियम कार्बोनेटमधून कार्बन आणि सोडियम दोन्ही मोकळे करू शकतात आणि वर सुमारे ५३८ किलोजूल शिल्लक राहतात. मॅग्नेशियमसाठी हीच शिल्लक ६६० च्या पुढे जाते. कागदावर पाहता, साध्या खोलीच्या तापमानालाही ही अभिक्रिया व्हायला कसलीच हरकत नाही.

परंतु ऊष्मागतिकी, म्हणजे ऊर्जेच्या हिशोबाचे हे शास्त्र, फक्त कुठे जाता येईल हे सांगते. किती वेळात पोहोचता येईल हे तिच्या अखत्यारीत नाही. कार्बोनेटमधले कार्बन-ऑक्सिजन बंध तोडायला सुरुवातीला लागणारी ऊर्जा, म्हणजे सक्रियण ऊर्जा, इतकी मोठी आहे की ९० अंश सेल्सिअसच्या पाण्यात ही अभिक्रिया होतच नाही. शिवाय भोवती पाणी आहे, आणि मोकळ्या ॲल्युमिनियमकडून इलेक्ट्रॉन घेणे पाण्याला कार्बोनेटपेक्षा कितीतरी सोपे जाते. भांड्यात दिसणारे बारीक बुडबुडे त्यामुळे पाण्यातून सुटणाऱ्या हायड्रोजनचे असतात. कार्बोनेटचे खरेखुरे क्षपण पाहायचे तर पाणी बाजूला ठेवून धातुशास्त्राकडे जावे लागते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर आंरी सेंत-क्लेर देव्हिल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने सोडियम कार्बोनेट आणि कोळसा तापवून सोडियम मिळवण्याची पद्धत व्यवहारात आणली, तिला सुमारे ११०० अंश सेल्सिअस तापमान लागत असे, कारण ती अभिक्रिया ऊष्माग्राही, म्हणजे उष्णता शोषणारी, आहे आणि बाहेर पडणाऱ्या वायूंमुळे वाढणारी एन्ट्रॉपी (कणांची विस्कळीतता) एवढाच तिचा आधार. त्या सोडियमच्या साह्याने देव्हिलने ॲल्युमिनियम मोठ्या प्रमाणावर तयार केले. म्हणजे आज आपण सोड्याच्या पाण्यात जो धातू बुडवतो, तो बाजारात आला तेव्हा सोड्यातूनच मिळवलेल्या सोडियमच्या बळावर आला होता. मला हा संबंध फार आवडतो. (धातूची पूड आणि कोरडा सोडा एकत्र तापवण्याचा प्रयोग मात्र घरी कोणीही करू नये, वर लिहिलेली ५३८ किलोजूलची शिल्लक तिथे एकदम बाहेर पडू शकते.)

तर पाण्यातल्या कार्बोनेटचे क्षपण होत नाही; तो क्षार दुसरेच, पण अत्यंत महत्त्वाचे काम करतो. ॲल्युमिनियमवर हवेत आपोआप काही नॅनोमीटर जाडीचे ऑक्साइडचे कवच तयार होते, आणि एवढा उतावीळ धातू आपल्या कढया-पातेल्यांत वर्षानुवर्षे टिकतो तो या कवचामुळेच. सामू साधारण ४ ते ८.५ असताना हे कवच टिकून राहते. लिटरभर पाण्यात १० ग्रॅम निर्जल सोडियम कार्बोनेट टाकले की कार्बोनेट आयन पाण्याकडून हायड्रोजन आयन घेतात, हायड्रॉक्साइड आयन मागे उरतात आणि सामू ११.६ च्या आसपास जातो. त्या पाण्यात कवच विरघळू लागते, खालचा धातू उघडा पडतो आणि कोष्टकातला तो १.६४ व्होल्टचा फरक प्रत्यक्षात उपयोगी येतो. शिवाय क्षाराच्या आयनांमुळे द्रावणातून विद्युतप्रवाह वाहू शकतो. खाण्याचा सोडा वापरला तरी थोडे काम होते, विशेषतः पाणी उकळते असेल तर, कारण उष्णतेने बायकार्बोनेटमधून कार्बन डायऑक्साइड निघून जाऊन काही भागाचे कार्बोनेट होते. पण धुण्याच्या सोड्याची बरोबरी तो करू शकत नाही.

गरम पाण्याची सूचना खोक्यावर आहे आणि ती योग्य आहे, मात्र तिच्यामागचे कारण लिहिलेले नाही. उष्णतेने मुक्त ऊर्जेच्या आकड्यात सांगण्यासारखा फरक पडत नाही. वाढतो तो वेग. अभिक्रिया स्वतः ऊष्मादायी, म्हणजे उष्णता देणारी, असूनही पाणी तापवण्याचे काम तिच्यावर सोपवता येत नाही, हे छोट्याशा हिशोबाने स्पष्ट होते. शंभर चौरस सेंटिमीटर पृष्ठभागावर शंभर नॅनोमीटर जाडीचा थर धरला, तर सिल्व्हर सल्फाइड भरते जेमतेम ७ मिलिग्रॅम. त्याच्या क्षपणातून बाहेर पडणारी ऊर्जा आठ-दहा ज्यूलची, आणि लिटरभर पाण्याचे तापमान एका अंशाने वाढवायला ४,१८० ज्यूलपेक्षा अधिक लागतात. म्हणून पाणी आधी उकळून घ्यावे आणि भांडेही जाड घ्यावे, म्हणजे ते लवकर निवत नाही.

प्रत्यक्ष वापरात मला सगळ्यात समाधान दिले ते नक्षीच्या निरांजनाने. त्याच्या पाकळ्यांच्या खाचांत ब्रश पोहोचत नाही आणि दंतमंजनाची पूड तिथे अडकून पांढरी राहते. निरांजन प्लेटवर ठेवून गरम द्रावण ओतले तेव्हा प्लेटला टेकलेल्या बैठकीपासून उजळण्यास सुरुवात झाली, आणि पाहता पाहता काळेपणा आधी तपकिरी, मग पिवळसर होत कडेकडेने वर सरकत गेला. खाचांतला काळा रंगही त्याच गतीने निवळला. ही दिशा अपघाताने आलेली नाही. इलेक्ट्रॉन प्लेटमधून चांदीत जातात ते स्पर्शातूनच, आणि द्रावणातला मार्ग जिथे सर्वांत आखूड, तिथे काम आधी होते. स्पर्श नसेल तर तासभर बुडवूनही काही होत नाही. सूचनापत्रात ही बाब एका ओळीत, बारीक अक्षरांत आहे. ती ठळक हवी होती, कारण संच ‘चालत नाही’ अशी तक्रार करणाऱ्या बहुतेकांनी वस्तू प्लेटपासून दूर ठेवलेली असते किंवा प्लेटवर आधीच्या वापराचा करडा थर तसाच राहू दिलेला असतो. पैंजण एकावर एक ठेवले तरी चालतात, फक्त त्यांनी एकमेकांना आणि सर्वांत खालच्याने प्लेटला टेकलेले असावे. हुपरीच्या जाळीदार पैंजणांच्या कड्या या पद्धतीने जितक्या आतून स्वच्छ होतात तितक्या कोणत्याही फडक्याने होणार नाहीत.

आता ‘कधीही झिजत नाही’ या दाव्याविषयी. वरच्या उदाहरणातल्या ७ मिलिग्रॅम थरासाठी लागणारे ॲल्युमिनियम अर्ध्या मिलिग्रॅमइतके आहे, त्यामुळे प्लेट झिजल्याचे डोळ्यांना दिसत नाही हे खरे. परंतु हायड्रोजनचे बुडबुडे निघतात तेही ॲल्युमिनियमच्याच खर्चाने, आणि प्लेट द्रावणात विसरली तर ती खरखरीत व खड्डेदार होते. इलेक्ट्रॉन देणारा धातू न झिजता इलेक्ट्रॉन देऊ शकत नाही. काम झाले की प्लेट काढून, धुऊन, काथ्याने घासून कोरडी ठेवावी, एवढी साधी सूचना त्या दाव्याच्या जागी छापली असती तर ग्राहकाचा अधिक फायदा झाला असता.

‘कोणत्याही चांदीसाठी सुरक्षित’ हा दावा मात्र मला अधिक खटकतो, कारण त्याने नुकसान होऊ शकते. ऑक्सिडाइज्ड म्हणून विकल्या जाणाऱ्या दागिन्यांवरचा मुद्दाम आणलेला काळपटपणा बहुधा सिल्व्हर सल्फाइडच असतो. प्लेट त्यात आणि नकोशा काळेपणात भेद करू शकत नाही, आणि नक्षीची सगळी उठावदार छाया पुसली जाते. मोती आणि पोवळी या गरम अल्कधर्मी पाण्यात घालू नयेत, त्यांची झळाळी जाते. आत लाख भरलेले मणी गरम पाण्याने सैल होतात. देवघरातल्या टाकांच्या बाबतीत विशेष जपावे, असे मी आग्रहाने सांगेन: काही टाकांना मागून तांब्याचा पत्रा असतो, त्या दोन पत्र्यांमध्ये सोड्याचे पाणी शिरले तर ते सहजी निघत नाही आणि पुढे कडेने पांढरे क्षार बाहेर येतात. टाक मऊ फडक्यानेच पुसलेले बरे.

फार जाड, वर्षानुवर्षांचा थर असेल तर निकाल थोडा निराश करतो. क्षपणाने परत आलेली चांदी मूळ पृष्ठभागासारखी घट्ट बसत नाही. ती सूक्ष्म छिद्रांची, पांढुरकी आणि निस्तेज दिसते, आणि तिचा पृष्ठभाग जास्त उघडा असल्याने पुन्हा लवकर काळवंडते. तिच्यावर मऊ कापडाने हात फिरवावाच लागतो. ९२५ शुद्धतेच्या चांदीत उरलेला भाग मुख्यतः तांब्याचा असतो, त्यामुळे अशा वस्तूंवर कधीकधी तांबूस झाक राहते, तीही घासूनच जाते. तरीही द्रवात बुडवून काढायच्या तयार पॉलिशपेक्षा मला हा मार्ग पसंत आहे. थायोयुरिया आणि आम्ल असलेले ते द्रव थर विरघळवून टाकतात, म्हणजे त्यातली चांदी कायमची पाण्यात जाते. येथे ती वस्तूवरच राहते. पिढीजात, पातळ झालेल्या वाट्या-फुलपात्रांसाठी हा फरक मोलाचा आहे.

वासाविषयी बरेच जण विचारतात. थरातले गंधक सल्फाइडच्या रूपाने द्रावणात उतरते. सामू वरचा असल्याने ते बहुतांश आयनरूपातच राहते, म्हणून सडक्या अंड्यासारखा वास अगदी मंद येतो. पण ‘अधिक चमक यावी’ म्हणून त्याच पाण्यात लिंबू, चिंच किंवा व्हिनेगर घातले तर सामू खाली येतो आणि हायड्रोजन सल्फाइड एकदम मोकळा होतो. तो विषारी वायू आहे. खिडकी उघडी ठेवावी, आम्ल घालू नये, आणि काम झाल्यावर द्रावण भरपूर पाण्यासोबत मोरीत सोडावे. भांडे काचेचे, स्टीलचे किंवा चांगल्या प्लॅस्टिकचे घ्यावे. हिंडालियमचे, म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे, पातेले घेतले तर सोडा त्यालाही सोडणार नाही.

किमतीचा विचार केला तर संचात पैसे जातात ते प्लेटसाठी, आणि तिच्याऐवजी स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल वाटीच्या तळाशी अंथरली तरी ऊर्जेचा हिशोब तोच राहतो. फॉइल लवकर झिजते आणि टाकून द्यावी लागते; प्लेट जड असल्याने भांडी तिच्यावर नीट टेकतात आणि स्पर्श चांगला होतो. ज्यांच्याकडे चांदी भरपूर आहे त्यांनी प्लेट जरूर घ्यावी. वर्षाकाठी दोन-चार वस्तू उजळायच्या असतील तर फॉइल पुरे. पूड संपल्यावर उत्पादकाकडून महागडी पिशवी मागवण्याचे मात्र कारण नाही, किराणा दुकानातला धुण्याचा सोडा तेच काम करतो. फक्त तो स्फटिकरूपात, खडे असलेला असेल तर प्रमाण बदलावे लागते, कारण ताज्या स्फटिकांत वजनाच्या जवळजवळ ६३ टक्के पाणीच असते. संचातल्या १० ग्रॅम पुडीच्या जागी असा सोडा सुमारे २७ ग्रॅम घ्यावा.

उत्पादकाने पुढच्या खेपेस खोक्यावर ‘ॲल्युमिनियम’ आणि ‘सोडियम कार्बोनेट’ हे दोन शब्द छापावेत, आणि मोती, लाख, टाक व ऑक्सिडाइज्ड दागिने यांची सावधगिरीची यादी मोठ्या अक्षरांत द्यावी. तोवर या संचाला मी पाचपैकी साडेतीन गुण देते. कापलेला दीड गुण पूर्णपणे खोक्यावरच्या मजकुरासाठी आहे.